मोशन नव्हतं, दादा

दादा, आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तू परत बोललास. "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." मग ते सात-आठ सेकंद. मग "सोडा." आणि त्या "सोडा"च्या मागे तो टक्‌ असा आवाज, कटिंगचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा. तो ग्लास माझा होता. रेकॉर्डिंग चालू आहे हे मला कळलंच नव्हतं, तू हातवारे करत होतास आणि मी "काय? काय?" करत ग्लास ठेवला. तू बोललास, "राहू दे आता, चौदावा टेक आहे. पेशंटला वाटेल मशीन चहा पितं."

मशीनबरोबर जे आवाज आले होते त्यात हिंदी होतं, इंग्लिश होतं, मराठी नव्हतं. भांडुपच्या डोंगरावरून आलेल्या आज्या ते इंग्लिश ऐकून टेबलावर उठून बसायच्या, "काय बोलली ती बाई?" म्हणून तू मेन्यूत घुसून स्वतःचा आवाज भरलास. आता आपल्या मुलुंडच्या हॉस्पिटलच्या तळघरात सीटी स्कॅनला येणारा प्रत्येक माणूस तुझं ऐकतो. तुला जाऊन नऊ दिवस झाले आणि रोज वीस-पंचवीस लोक तुझं ऐकून श्वास धरतात. मी काचेच्या अलीकडे बसलेली असते. पहिले दोन दिवस तर मी कानात बोटं घातली, खरंच.

हे मी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकणार आहे. सगळ्यांनी वाचावं, ज्यांना राग आलाय त्यांनी तर नक्की वाचावं. पण बोलतेय तुझ्याशीच. टायपिंग चुकलं तर चुकलं, तू कधी माझ्या स्पेलिंगच्या चुका काढल्या नाहीस.

आपला पहिला दिवस आठवतो? मी नवीन टेक्निशियन, कॉलेजमधून ताजी ताजी, तोंडाला ब्रेक नाही. तू विचारलंस, "कुठून येतेस?"

"मरोळ."

"मरोळ म्हणजे गावठाण? चर्चजवळ? मग तुम्ही इथले मूळचे. आम्ही हिंगोलीवरून आलेलो, घाटकोपरला डोंगरावर चढलो ते उतरलोच नाही. नाव काय?"

"शेरिल."

"लक्षात नाही राहायचं. मरोळ."

झालं. साडेतीन वर्षं मी मरोळ. मॅडमसुद्धा, आपल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम, ज्या कुणाशी अर्धा शब्द जास्त बोलत नाहीत, त्यांनी एकदा फोनवर "त्या मरोळला पाठव" म्हटलं होतं. मी घरी जाऊन मम्माला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "अगं, बाकीचं मरोळ कुठे जाईल मग?"

आणि पहिल्याच आठवड्यात तू ते शिकवलंस. "छाती आली की सगळ्यांचे डोळे आधी बरगड्यांवर जातात. मोडलेलं हाड पटकन दिसतं, आणि दिसलं की बरं वाटतं, काहीतरी सापडलं. तू आधी हृदय बघ. हाडं कुठे पळून जात नाहीत."

मी बोलले, "पण हृदय सारखं हलतं ना, फोटोत धड येतच नाही."

"म्हणूनच. हलतं म्हणून सगळे त्याला सोडून देतात."

ग्रुपवर आपल्या लॅबवाल्या, रिसेप्शनवाल्या पण आहेत, म्हणून सांगते. स्कॅन चालू असताना पेशंट हलला, किंवा हृदय जोरात धडधडलं, की चित्रात कडेला एक जादा रेष येते. फोटो काढताना हात हलल्यावर येते तशी. त्याला आम्ही मोशन म्हणतो. खोटी रेष. आणि ती खोटी आहे की खरी हे बघायला स्क्रीनवर माउसने एक छोटा गोल टाकायचा. मशीन त्या जागेचा आकडा देतं. पाणी असेल तर शून्याच्या आसपास. ताजं रक्त असेल तर चाळीस-पन्नास. एवढंच. दोन सेकंदांचं काम आहे.

गेल्या वर्षीचा तो टेम्पोवाला. पुढच्या ट्रकला ठोकलं, स्टिअरिंग छातीत. अंगावर ओरखडा नाही, एक्स-रे क्लीन, चालत आला आणि टेबलावर झोपता झोपता विचारत होता, "साहेब, किती वेळ? माल उतरवायचाय." चित्रं आली, मी लगेच, "बरगड्या क्लीन!" आणि तू खुर्चीतून उठलास.

"मरोळ, हृदयाच्या भोवती काय आहे?"

"मोशन?"

"मला विचारू नको, मशीनला विचार. गोल टाक."

टाकला. बावन्न. तू बोललास अजून एक, दुसरीकडे. एकोणपन्नास. अजून एक, मागच्या बाजूला. एक्कावन्न. "मोशन असतं तर आकडे दारुड्यासारखे भरकटले असते. हे बघ कसे ओळीत उभे आहेत. हे रक्त आहे." मग तू स्क्रीनवर बोट ठेवून मला एका मिनिटात सांगितलंस, जे मला दोन वर्षांच्या कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. हृदय एका पिशवीत असतं. बाहेरून मार बसला की आत कुठेतरी झिरपतं आणि पिशवीत रक्त साठतं. मग हृदयाला उघडायला जागाच राहत नाही. तू मूठ दुसऱ्या हातात घट्ट पकडून दाखवलीस. "आता उघड बोलतो मी हिला. कशी उघडेल?" बोलता बोलता दुसऱ्या हाताने तू मॅडमना फोन लावला होतास. टेम्पोवाल्याला तू टेबलावरून उतरूसुद्धा दिलं नाहीस. अर्ध्या तासात वर सुई घालून रक्त काढलं आणि तो वाचला.

दहा-बारा दिवसांनी पेढे घेऊन आला होता. विचारतो, "तो आत बोलतो तो माणूस कोण? त्याच्या पाया पडायचंय." आणि तू गंभीर तोंड करून माझ्याकडे बोट दाखवलंस. बिचारा माझ्याकडे बघतोय, तुझ्याकडे बघतोय. पेढा माझ्या घशात अडकला यार.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं, ते कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, आपलं काम बटण दाबायचं. रिपोर्ट मॅडम देणार, पगार त्यांना जास्त, डोकं त्यांनी लावावं. तू म्हणायचास, "मॅडम तासाभराने बघणार. पेशंट टेबलावर आत्ता आहे. त्या तासाचे डोळे आपले."

"आणि आपण चुकलो तर?"

"तर मॅडम ओरडतील. ओरडणं परवडतं."

"आणि तू चुकलास तर?"

"तर तू ओरड."

"मी? तुझ्यावर?"

"का? मरोळवाल्यांना आवाज नसतो?"

तेवढ्यात पेशंट आला. पुढचं राहिलं. मी उत्तर दिलंच नाही तुला.

आता ते लिहिते जे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. आपल्याकडे एक पद्धत आहे. स्टाफचं काही असेल, सिस्टरचा गुडघा, वॉर्डमधल्या मावशीच्या नवऱ्याची पाठ, कुणाचंही, तर फॉर्म नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही, नाव नाही. नावाच्या जागी TEST, वय 99. रोज सकाळी मशीन नीट आहे का बघायला आपण पाण्याची बरणी स्कॅन करतो ना, ती ह्याच नावाने जाते. तर स्टाफ पण बरणीच्या नावाने. मॅडमच्या यादीत TEST दिसतच नाही, त्यामुळे रिपोर्ट होत नाही. आपणच काढतो, आपणच बघतो, आपणच "काय नाय रे, क्लीन आहे" सांगतो. दहा-बारा दिवसांनी मशीन ते स्वतःच पुसून टाकतं. आणि ह्याला आपण सगळे प्रेम म्हणतो. आपला माणूस आहे, त्याला लाईनमध्ये कशाला उभा करायचा.

त्या मंगळवारी तू पावणेआठला आलास, हातात हेल्मेट, जॅकेटची बाही फाटलेली.

"काय झालं रे?"

"काय नाय. एलबीएस रोडवर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांना घासलो. खड्डा चुकवायला गेलो, हँडल वळलं आणि इथे बसलं." छातीच्या मधोमध हात ठेवलास.

"कॅज्युअल्टीत जा ना मग!"

"तिकडे गेलो की फॉर्म, पोलीस केस, अर्धा दिवस. आणि सुजाताला कळलं की स्कूटर गेली. गेल्याच महिन्यात बोललीय, आता पडलास तर भंगारवाल्याला देते. तू पटकन एक छाती काढ. TEST मध्ये टाक. आणि घरी बोलू नकोस हां, मरोळ."

मला मजा वाटली, दादा. खरं सांगते. रोज तू ह्या बाजूला असतोस, आज मी तुला झोपवणार, मी बटण दाबणार. मी तुला "काका, घाबरू नका, काही दुखत नाही" पण बोलले. तू आतून शिवी दिलीस. मी बटण दाबलं आणि तुझाच आवाज तुला बोलला, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." आणि मग माइकवरून तुझं हसू. "च्यायला, किती खडूस आहे हा माणूस!" मग लगेच, "आई गं. हसवू नको, दुखतंय."

तू मोज्यांवरच बाहेर आलास, माझ्या खुर्चीमागे उभा राहिलास. आणि आधी बरगड्या बघितल्यास.

दादा, तू आधी बरगड्या बघितल्यास.

बोटाने मोजल्यास, एका बाजूच्या बारा, दुसऱ्या बाजूच्या बारा. "क्लीन. मधलं हाड क्लीन. झकास. सुट्टी पण नाही मिळायची." मी खाली स्क्रोल करत होते. हृदय आलं. डाव्या कडेला एक करडी रेष होती, बारीक, दुसऱ्या काठासारखी. माझा हात माउसवर थांबला. मी बोलले, "दादा, हे..."

"मोशन. हसलो ना मी."

गोल टाकू का. तीन शब्द. तोंडात आले होते. जिभेवर होते, मला अजून त्यांची चव आठवते. पण तू बोललास, "चल चल, पहिला पेशंट घे, पोटवाला बसलाय बाहेर सकाळपासून उपाशी," आणि मी ती खिडकी बंद केली.

टेम्पोवाला असता तर मी टाकला असता. अनोळखी कुणीही असता तर टाकला असता. तू होतास म्हणून नाही टाकला. तू बोललास मोशन म्हणजे मोशन, तुला काय मी शिकवणार? आणि अजून एक, हे मी कुणाला सांगितलं नाहीये. मला हवं होतं की ते मोशनच असावं.

बुधवारी तू तळघरातून वर जाताना जिन्यात मध्येच थांबलास आणि नोटीस बोर्ड वाचायला लागलास. मी खालून ओरडले, "हा बोर्ड कधीपासून वाचायला लागलास?" तू वळून बघितलं नाहीस. "वाचन वाढवतोय." मी हसले. तू एका हाताने कठडा धरला होतास, तेही मी बघितलं. जेवताना भाकरी आणि ठेचा माझ्या डब्यात सरकवलास, "ॲसिडिटी झालीय, तू खा." मी खाल्लं. छान झाला होता ठेचा, वहिनींना सांग असं पण बोलले. किती मूर्ख असावं माणसाने.

गुरुवारी तू आला नाहीस. फोन नाही उचललास. नऊ वाजता मॅडम स्वतः जिना उतरून खाली आल्या. त्या दहाच्या आधी कधीच येत नाहीत.

सकाळी तू वहिनींना बोलला होतास की छातीत जड वाटतंय. त्यांनी जिऱ्याचं पाणी दिलं. तू आंघोळीला गेलास आणि आत पडलास. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं तेव्हा तुझे शेवटचे काही श्वास चालू होते. डॉक्टरने बघितलं, वय चव्वेचाळीस, शुगर आहे, घाम आलाय. लिहिलं, हार्ट अटॅक. आपल्याकडून पण कुणीतरी फोन केला, आमचा स्टाफ आहे, पोस्टमॉर्टेम वगैरे भानगड नको, घरच्यांना लवकर ताब्यात द्या. परत तेच प्रेम. पडल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुझ्या बिल्डिंगखाली स्कूटर उभी होती, डावा आरसा फुटलेला, आणि तुला न्यायला आलेले लोक तिच्या सीटवर पिशव्या ठेवत होते.

शुक्रवारी सकाळी मी मशीन चालू केलं. मंगळवारच्या यादीत दोन TEST ओळीत होते. एक बरणी, एक तू. मी तुला उघडलं. गोल टाकला. सेहेचाळीस. दुसरा, चव्वेचाळीस. तिसरा हृदयाच्या मागे, सत्तेचाळीस. ओळीत उभे होते, दादा. ती रेष फक्त डाव्या कडेला नव्हती, पट्टी होती, मागून फिरून खालपर्यंत गेली होती. मग मी लिव्हरची कड बघितली. सुरीने कापल्यासारखी साफ. तू हसून हललास म्हणून रेष आली असती तर लिव्हरची कडसुद्धा पुसली गेली असती ना? फुफ्फुसातल्या शिरा दुहेरी झाल्या असत्या. काहीच हललं नव्हतं. तू हसलास ते चित्रं निघून झाल्यावर. तोपर्यंत तू स्वतःचं अगदी नीट ऐकलं होतंस, श्वास धरून, न हलता. इतका चांगला पेशंट आपल्याला वर्षभरात मिळाला नव्हता.

मी कुणाला बोलले नाही. शनिवारी मम्मा चर्चला घेऊन गेली, मी मेणबत्ती लावली, आणि हात जोडल्यावर कळेना की कोणाच्या नावाने लावली, तुझ्या की TEST च्या.

रविवारी तुझं पुण्यानुमोदन. घाटकोपरला, तुमच्या विहारात. सगळे पांढऱ्यात, माझ्याकडे पांढरं म्हणजे युनिफॉर्मच, तोच घालून गेले. भन्तेजींच्या मागून सगळे म्हणत होते, मला शब्द येत नव्हते, नुसते ओठ हलवले. मग लोक एकेक करून तुझ्याबद्दल बोलायला उठले आणि कुणीतरी माझ्या हातात माइक दिला, "तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात ना, दोन शब्द." मी बोलले की दादाने आम्हाला आधी हृदय बघायला शिकवलं. लोकांना ते खूप आवडलं. दोन-चार जणांनी डोळे पुसले. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

खाली बसले तर मागे तुझी आत्या कुणाला तरी सांगत होती, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू. "छातीत दुखतंय म्हणतोय माणूस आणि हिनं जिऱ्याचं पाणी दिलं बाई. शिकलेल्या बाईला येवढं कळू नाही?" वहिनी पुढच्याच रांगेत होत्या. मान वळवली नाही त्यांनी. नुसता पदर जरा घट्ट केला.

तुझ्या घरी आल्यावर स्वयंपाकघरात वहिनी मला बोलल्या, कप विसळत, माझ्याकडे न बघता, "त्याने सांगितलं होतं गं मला. जड वाटतंय. मी काय बोलले माहितीये? भजी कोणी खाल्ली काल, म्हटलं. भोग आता." आणि हे बोलताना त्या तो एकच कप विसळत राहिल्या. धुतलेला कप. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

सगळं सांगितलं. मंगळवार, हँडल, TEST, रेष.

"मंगळवारी?"

"हो."

"कुठे लागलं होतं?"

मी माझ्या छातीवर हात ठेवून दाखवलं. मग बोलल्या, "म्हणून शर्ट स्वतः धुतला." कप ओट्यावर ठेवत, "तुला माहीत होतं. बुधवारी पण. गुरुवारी मी दारात बसलेली तेव्हा पण. आत्ता माइकवर पण."

"हो, वहिनी."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तो कप भरला, माझ्या हातात दिला, "घे," आणि बाहेर निघून गेल्या. दादा, मी तुझ्या घरात उभी राहून तो चहा प्यायले. टाकून द्यायची हिंमत नाही झाली.

सोमवारी दुपारी त्यांचा फोन.

"ते चित्र आहे अजून मशीनमध्ये?"

"आहे. अजून चार-पाच दिवस राहील."

"कुणाच्या नावाने आहे?"

मी "हॅलो, हॅलो" केलं, रेंज नसल्यासारखं.

"शेरिल, कुणाच्या नावाने आहे?"

"कुणाच्याच नाही वहिनी. TEST लिहिलंय. आम्ही पाण्याची बरणी ज्या नावाने..."

"त्याचं नाव घाल. पूर्ण. बापाचं पण. आणि डॉक्टरकडून लिहून आण काय झालं होतं ते. मला घरात सगळ्यांना वाचून दाखवायचंय. प्रज्ञाला पण. पोरगी चार दिवस झाले माझ्या हातचं पाणी पीत नाहीये."

तुझी मुलगी नववीत आहे दादा, तिला काय कळणार. किंवा कळतं म्हणूनच.

नाव बदलायला मॅडमचा पासवर्ड लागतो. म्हणजे मॅडमना सांगायचं. म्हणजे नोकरी गेली समज. दोन मजले चढताना मी पण त्या नोटीस बोर्डपाशी थांबले. तिथे कॅन्टीनचं वेळापत्रक आहे, बाकी काही नाही. तू काय वाचत होतास रे?

मॅडमनी पूर्ण स्कॅन बघितला. वरून खाली, परत खालून वर. "कोणी बघितलं होतं हे?"

"दादाने. आणि मी."

"मिलिंदने हे बघितलं? आणि मोशन म्हणाला? मिलिंद?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "ईसीजी, रक्ताची एक चाचणी आणि हृदयाची सोनोग्राफी. खाली काढला तसा वर येऊन बसला असता तर इथेच झालं असतं. मी ह्याच खुर्चीत होते, शेरिल."

"वाचला असता?"

"माहीत नाही. संधी मिळाली असती. त्या टेम्पोवाल्याला मिळाली तेवढी." मी रडायला लागले. त्या बोलल्या, "रडू नकोस, मेमो मिळणार आहे तुला. मला पण मिळेल. हा TEST चा प्रकार मला माहीत होता. माझ्या आईचा गुडघा त्यातच काढला होता."

मग त्यांनी पासवर्ड टाकला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी TEST खोडलं. मिलिंद टाईप केलं. तुझ्या वडिलांचं नाव, भीमराव, टाईप केलं. 99 खोडून 44. इतकी वर्षं ती यादी तू भरलीस, हजारो लोकांची नावं, आणि तुझं स्वतःचं नाव तिच्यात पहिल्यांदा आलं ते असं. मॅडमनी रिपोर्ट लिहिला आणि शेवटी दोन ओळी मराठीत, वहिनींसाठी. 'हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलेलं दिसतं. छातीला बसलेल्या मारामुळे हृदयाला इजा झाली असण्याची दाट शक्यता आहे.' स्कॅनची तारीख एक, रिपोर्टची तारीख सहा दिवसांनंतरची. वर खाली छापलेल्या. लपवता येत नाही.

मंगळवारी मी तो कागद घेऊन घाटकोपरला गेले. वहिनींनी उभ्या उभ्या मोठ्याने वाचला. आत्या खिडकीकडे बघत बसल्या. प्रज्ञाने कागद हातात घेऊन परत स्वतः वाचला आणि आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला, "आई, पाणी दे ना." एवढंच. वहिनींनी ग्लास भरला, निम्मं पाणी सांडलं.

जाताना त्यांनी मला विचारलं, "त्याचा तो आवाज अजून आहे का मशीनमध्ये?"

"आहे. इंजिनिअर येणार आहे पुढच्या आठवड्यात, काढायचा का विचारतायत."

"राहू दे. अख्ख्या मुलुंडला सांगत बसला, हलू नका, धरा, सोडा. स्वतः दोन मजले चढून गेला नाही." आणि दार लावलं. त्यांनी मला माफ वगैरे केलेलं नाही. ग्रुपवर कुणी तसं समजू नका.

मला पण तुझा राग येतो. फार येतो. स्कूटर वाचवायला गेलास. बायकोला घाबरलास आणि मरणाला नाही. चार लोकांचं हृदय बघून धावत सुटणारा माणूस स्वतःच्या बरगड्या मोजत बसला. आणि मग मध्येच टेबल पुसताना आठवतं की मी पहिल्यांदा पेशंटला सुई लावली आणि रक्त बघून माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा तू कुणाला कळू न देता स्टूल माझ्या मागे सरकवलं होतंस आणि पेशंटला बोललास, "मॅडम बसून चेक करतात." मॅडम म्हणे. तीन आठवडे झाले होते मला. अशा माणसावर मी एकदा ओरडायला हवं होतं. तू परवानगी पण दिली होतीस.

म्हणून आता ओरडते, सगळ्यांच्या समोर. दादा, तू चुकलास. मोशन नव्हतं.

आता कॅज्युअल्टीच्या सिस्टरबद्दल, कारण त्या पण ह्या ग्रुपवर आहेत आणि त्यांनी इथेच लिहिलंय की काही लोकांना मेमो मिळाल्यावर अक्कल येते. बरोबर आहे सिस्टर, तशीच आली. परवा त्या खाली आल्या, मान आखडलेली, "चल पटकन काढ, TEST मध्ये टाक." मी फॉर्म पुढे केला. "आता आम्ही पण फॉर्म भरायचा?" "हो." "मोठी आली शहाणी. मिलिंद असता तर असं नसता बोलला." मी बोलले, "हो ना. मिलिंद असता तर."

त्यांनी भरला फॉर्म. रागाने कागद फाटेपर्यंत पेन दाबून भरला, पण भरला.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. आठ दहाला पहिला पेशंट, विक्रोळीचे एक आजोबा, मोरीत घसरून नळावर छाती आपटलेली. चिठ्ठी, नाव, वय, सगळं नीट. मी बटण दाबलं. तू बोललास, श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. आजोबांनी काही तुझं ऐकलं नाही, आत खोकले. मग सोडा, मग माझ्या ग्लासचा टक्‌. चित्रं आली. मी बरगड्यांकडे बघितलं नाही. हृदयाच्या डाव्या कडेला बारीक दुहेरी रेष होती. लिव्हरची कड पण पुसलेली होती, फुफ्फुसातल्या शिरा दोन दोन. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं काय आहे ते.

तरी गोल टाकला. मग दुसरा. मग मागे तिसरा. आकडे कुठच्या कुठे, एक वर, एक खाली. आजोबांना परत झोपवलं, तुला परत बोलायला लावलं, ह्या वेळी त्यांनी श्वास धरला, आणि रेष नव्हती.

मोशनच होतं, दादा.